शेन, काऊबॉय आणि आपले ठेलारी : एका गवताच्या भांडणाची गोष्ट



आजचा पाठ पुस्तकातला नाही. पण परिसर अभ्यास शिकवताना, ‘गाव आणि गावातले व्यवसाय’ असा विषय निघाला की उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे. सुरुवात मात्र जरा लांबून, थेट अमेरिकेतून करणार आहे. शेवटी आपल्या साक्री तालुक्यात येऊ.

काऊबॉय म्हटलं की मुलांच्या डोळ्यासमोर काय येतं? मोठी हॅट, टाचेचे बूट, घोडा आणि कमरेला पिस्तूल. टीव्हीवर, मोबाईलवर, चॉकलेटच्या वेष्टनावर, सगळीकडे तोच दिसतो. पण शब्द फोडून बघा. काऊ म्हणजे गाय, बॉय म्हणजे पोरगा. म्हणजे कोण झाला? गुराखीच की! ढोरं चारणारा माणूस. फळ्यावर असा शब्द फोडून दाखवला की मुलं हसतात. आपल्या गावात ढोरं चारणाऱ्याला कोणी हिरो म्हणत नाही ना.

खऱ्या काऊबॉयचं काम आपल्या गुराख्यासारखंच कष्टाचं होतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं यादवी युद्ध झालं. ते संपलं तेव्हा दक्षिणेकडच्या टेक्सासमध्ये लांब शिंगांची गुरं मोप होती, आणि उत्तरेकडच्या शहरांना मांस हवं होतं. रेल्वे मात्र टेक्सासपर्यंत पोचली नव्हती. मग काय केलं? दोन-तीन हजार गुरांचा कळप करायचा, दहा-बारा माणसं घोड्यावर बसवायची आणि कळप हाकत हाकत शेकडो मैलांवरच्या रेल्वे स्टेशनापर्यंत न्यायचा. १८६७ पासून कॅन्सास राज्यातलं ॲबिलीन हे असंच एक स्टेशन प्रसिद्ध झालं. दिवसाला दहा-पंधरा मैल चाल, रात्री आळीपाळीने पहारा, धूळ, पूर, वीज कडाडली की उधळणारी गुरं. महिन्याला पगार तीस-चाळीस डॉलर. पिस्तूल चालवायला फुरसत कुणाला होती! हे काम करणाऱ्यांत बरेच जण मेक्सिकन होते, बरेच गुलामीतून नुकतेच सुटलेले कृष्णवर्णीय होते. ‘रँच’, ‘रोडिओ’, ‘लॅसो’ हे शब्दसुद्धा इंग्रजीत स्पॅनिश भाषेतून आलेत, कारण हे कसब आधी मेक्सिकोच्या गुराख्यांचं. सिनेमाने हे सगळं गाळलं आणि एकटा गोरा नायक घोड्यावर बसवला.

तरीही या सिनेमांतला एक सिनेमा मला शिक्षक म्हणून फार कामाचा वाटतो. त्याचं नाव ‘शेन’.

सिनेमाची गोष्ट

‘शेन’ हा सिनेमा १९५३ साली आला. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स, मुख्य भूमिकेत ॲलन लॅड. जॅक शेफर या लेखकाच्या १९४९ च्या कादंबरीवरून तो काढलेला आहे. गोष्ट घडते वायोमिंग नावाच्या डोंगराळ, गवताळ प्रदेशात. रंगीत छायाचित्रणासाठी त्याला ऑस्कर मिळालं, आणि मागचे बर्फाचे डोंगर बघितले की का मिळालं ते कळतं.

डोंगरातून एक घोडेस्वार उतरतो. नाव सांगतो शेन. मागचं-पुढचं काही सांगत नाही. जो स्टॅरेट नावाच्या शेतकऱ्याच्या घरी थांबतो आणि तिथेच कामाला राहतो. घरात जो, त्याची बायको मॅरियन आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा जोई. अंगणात एका जुन्या झाडाचं भलंमोठं खोड रुतून बसलेलं असतं. जो कितीतरी दिवस एकटा त्याच्याशी झुंजत असतो. शेन आणि जो दोघं मिळून कुऱ्हाडी चालवतात आणि ते खोड उपटून काढतात. माझ्या मते हा सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग. वावरातलं खोड काढताना काय होतं हे आपल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

भांडण काय आहे? त्या खोऱ्यात रायकर नावाचा एक मोठा गुरंवाला आहे. त्याची हजारो गुरं मोकळ्या गवतावर चरत आलेली. आता स्टॅरेटसारखे शेतकरी आले, त्यांनी जमिनी घेतल्या, कुंपणं घातली, नांगरट सुरू केली. रायकरच्या गुरांची वाट अडली, पाणी अडलं. तो आधी जो स्टॅरेटला चांगल्या पगाराची नोकरी देऊ करतो. जमलं नाही तेव्हा माणसं पाठवून धमक्या, पिकांत गुरं घालणं, घर जाळणं सुरू करतो. शेवटी विल्सन नावाचा भाडोत्री बंदूकवाला बोलावतो. तो एका शेतकऱ्याला भर चिखलात, दिवसाढवळ्या गोळी घालतो. बाकीचे शेतकरी गाड्या भरून निघायच्या तयारीला लागतात. मग शेन, ज्याने पिस्तूल बाजूला ठेवलेलं असतं, ते पुन्हा कमरेला लावतो. रायकर आणि विल्सन मरतात. शेन जखमी होऊन डोंगराकडे निघून जातो आणि जोई त्याला हाका मारत राहतो.

एवढीच गोष्ट असती तर मी ती वर्गात सांगितली नसती. पण मधे एक प्रसंग आहे. रात्री रायकर स्टॅरेटच्या घरी येतो आणि आपली बाजू मांडतो. त्याचं म्हणणं असं : आम्ही इथे आलो तेव्हा काही नव्हतं. आम्ही थंडीवाऱ्यात, जखमा सोसून हा मुलूख राहण्याजोगा केला. आता तुम्ही तयार मुलखात येऊन कुंपण घालता आणि माझी गुरं पाण्याविना मरतात, याला न्याय म्हणायचा का? त्यावर जो उत्तर देतो की तुम्हीही पहिले नाहीत. तुमच्या आधी इथे कातड्यांसाठी शिकार करणारे होते, आदिवासींशी व्यापार करणारे होते.

दुष्ट माणसालाही आपली बाजू मांडू देणारा हा प्रसंग आहे. गंमत अशी की दोघेही बोलतात, पण ज्यांची ती जमीन मुळात होती त्या शोशोनी, क्रो, अरापाहो, शायान अशा आदिवासींपैकी एकही माणूस त्या खोलीत नाही. मुलांना विचारायचा पहिला प्रश्न तोच : या खोलीत कोण नाही?

हे सगळं खरंच घडलं होतं का? शेन नावाचा माणूस काल्पनिक. भांडण मात्र खरं. १८६२ साली अमेरिकेच्या सरकारने कायदा केला : जो कोणी पाच वर्षं राहून जमीन कसेल त्याला १६० एकर जमीन जवळपास फुकट. १६० एकर म्हणजे साधारण ६५ हेक्टर, आपल्याकडे अख्ख्या वस्तीची जमीन. १८७४ साली जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने काटेरी तारेचं पेटंट घेतलं. झाडं नसलेल्या मुलखात कुंपण घालायची अडचण त्या तारेने सोडवली. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात लाखो गुरं बर्फात मेली आणि मोठे गुरंवाले चिडीला आले. १८९२ च्या एप्रिलमध्ये वायोमिंगच्या जॉन्सन काउंटीत त्यांनी टेक्सासहून बंदूकवाले आणले, दोन माणसं ठार केली. गावकऱ्यांनी उलटा वेढा घातला तेव्हा सरकारी घोडदळाने येऊन कुणाला वाचवलं? त्या गुरंवाल्यांना आणि त्यांच्या बंदूकवाल्यांना! शिक्षा एकालाही झाली नाही. शेन तिथे आला नव्हता.

तेच युद्ध, तीच कपाशी

आता खानदेशात येऊ. मधला दुवा आहे कपाशी.

१८१८ साली इंग्रजांचा अंमल बसला तेव्हा आपला खानदेश लुटालुटीने आणि दुष्काळाने उजाड झालेला होता. गावंच्या गावं ओस, जिथे तिथे झाडी आणि गवत, वाघांचा वावर. अशा मुलखात ढोरं-मेंढरं चारणाऱ्याला अडवणारं कोणी नव्हतं. सातपुड्यात आणि डोंगरकपारीत राहणाऱ्या भिल्लांना काबूत आणण्यासाठी इंग्रजांनी १८२५ साली जेम्स औट्रम या अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी केली. तिचं ठिकाण आपलं धरणगाव. सिनेमातल्या त्या खोलीत नसलेली माणसं आपल्याकडे अशी होती.

पुढे हळूहळू जमीन लागवडीखाली आली. आणि मग १८६१ ला अमेरिकेत ते यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेची बंदरं अडवली गेली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव गगनाला भिडला. त्याच दशकात आगगाडी खानदेशात आली, जळगाव-भुसावळवरून कापूस थेट मुंबईला जाऊ लागला. ज्याच्याकडे काळी जमीन त्याने कपाशी लावली. १८६५ ला युद्ध थांबलं, भाव कोसळला, कित्येक बुडाले. पण नांगराखाली गेलेली जमीन पुन्हा गवताखाली काही आली नाही.

म्हणजे बघा, ज्या युद्धानंतर टेक्सासचा गुराखी कळप घेऊन उत्तरेला निघाला, त्याच युद्धाने आपल्या गुराख्याच्या पायाखालचं गवत कमी केलं. पाठ्यपुस्तकात हे दोन वेगवेगळ्या इयत्तांत येतं, त्यामुळे मुलांना कधी जोडून दिसत नाही.

आपल्याकडे काटेरी तार नव्हती. वावराला बाभळीच्या नाहीतर बोरीच्या काट्यांचं कुंपण, तेही एखाद-दोन बाजूंनी. तारेचं काम कायद्याने केलं. १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला. कोणाची ढोरं वावरात शिरली तर शेतकऱ्याने ती धरायची, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायची. मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवायची, मुदतीत नाही सोडवली तर लिलाव. आजी-आजोबांना विचारा, कोंडवाडा कुठे होता ते लगेच सांगतील. अनेक गावांत तो शाळेच्या किंवा चावडीच्या जवळच असायचा. मग १८७८ चा जंगल कायदा आला. डोंगराची राखीव हद्द आखली गेली आणि जिथे चराई चालायची तिथे पास, फी, बंदी सुरू झाली. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने गायरानं गिळल्याची जी तक्रार केली ती याच काळातली.

आणि एक व्यवस्था इंग्रजांच्याही आधीची होती, ती मला फार आवडते. पांझरा नदीवरची फड बागायत. साक्री-धुळे भागातल्या शिक्षकांना माहीत असेल. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी द्यायला पाटकरी, आणि राखणीला जागल्या. जागल्याचं काम काय? चोर आणि मोकाट ढोरं यांच्यापासून फड राखणं. त्याला मजुरी सगळे मिळून देणार. म्हणजे रायकरची गुरं स्टॅरेटच्या पिकात शिरली तेव्हा पिस्तुलाशिवाय उपाय नव्हता असं सिनेमा सांगतो. पांझरेच्या काठावर तेवढ्यासाठी हातात काठी घेतलेला एक पगारी माणूस ठेवत असत.

ठेलारी कोण?

आपल्या धुळे जिल्ह्यात, विशेषतः साक्री तालुक्यात, ठेलारी समाज राहतो. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत ठेलारी हे नाव आहे. मुख्य धंदा मेंढ्या पाळणं. बैलांची ‘खिल्लार’ जात तुम्हाला माहीत असेल. तिच्यात ‘तापी खिल्लार’ किंवा ‘ठिल्लारी’ असा खानदेशचा एक प्रकार सांगितला जातो, आणि तो सातपुड्याच्या बाजूच्या गुरं पाळणाऱ्यांच्या नावावरून. खिल्लार या शब्दाचा अर्थच मुळी गुरांचा कळप, आणि खिल्लारी म्हणजे ती राखणारा. आता काऊबॉयला मराठी शब्द शोधायचा तर यापेक्षा चांगला कोणता?

ठेलाऱ्यांचं वर्ष आपल्या शाळेच्या वर्षाशी अजिबात जुळत नाही. पावसाळ्यात ते मूळ गावाजवळ, माळावर, डोंगराच्या कडेला असतात. दिवाळी झाली, बाजरी-ज्वारी निघाली की वाडे निघतात. वाडा म्हणजे आपला दगडी वाडा नव्हे. चार-पाच कुटुंबांचा, मेंढ्या-कुत्र्या-कोंबड्यांसह चालता संसार. पूर्वी सगळं घोड्याच्या पाठीवर, आता कधी टेम्पोतही. कोणी जळगाव जिल्ह्यात तापीकाठी उतरतं, कोणी नंदुरबारकडे, कोणी गुजरातेत, मध्य प्रदेशात जातं. कपाशीची वेचणी संपलेली वावरं, दादर आणि हरभरा काढलेली वावरं, यांच्यावर मेंढ्या चरतात. मृग जवळ आला की पुन्हा माघारी.

आणि इथे एक गोष्ट आहे जी वायोमिंगमध्ये नव्हती. आपल्याकडे शेतकरी मेंढपाळाला स्वतः बोलावतो. मेंढ्या वावरात बसवतो. रात्री कळप वावरात बसला की लेंड्या आणि मूत थेट जमिनीत. त्यासारखं खत नाही, असं कोणीही म्हातारा शेतकरी सांगेल. मोबदल्यात मेंढपाळाला धान्य नाहीतर पैसे. रोज जागा बदलत बदलत अख्खं वावर बसवून काढायचं. शेतकऱ्याला खत, मेंढीला चारा, दोघांचं भागलं. हल्ली याला आणखी एक कारण जोडलं गेलंय. कपाशीवर शेंदरी बोंडअळी येते ना, ती उरलेल्या बोंडांत दडून राहते. म्हणून वेचणी संपल्यावर पऱ्हाटीत शेळ्या-मेंढ्या चरायला सोडा असा सल्ला कृषी खातंच देतं. मेंढी बोंड खाते, बोंडासोबत अळी जाते. फवारणीचे पैसे वाचतात ते वेगळेच.

मग भांडण का होतं? कारण वावर आता रिकामं राहत नाही. विहीर, बोअर, ठिबक आलं. जळगाव जिल्हा तर ठिबकसाठी देशात प्रसिद्ध. रावेर-यावलला केळी बारा महिने उभी. कपाशीची फरदड घेतात, मधेच कांदा, मका, भाजीपाला. एका शेतकऱ्याने मेंढ्या बसवायला बोलावल्या तरी तिथपर्यंत पोचायची वाट दुसऱ्याच्या हिरव्या पिकातून. ठिबकच्या नळ्यांवर खुरं पडली की भांडण. बांध कोरून कोरून पायवाटेएवढा झालेला, त्यावरून कळप जाणार कसा? गायरानावर कुठे घरं झाली, कुठे शेती झाली. धुळ्याजवळच्या लळिंगसारखं कुरण वन खात्याच्या ताब्यात. भरीस भर काठेवाडहून गायी घेऊन येणारे गायवाले, त्यांनाही तेवढाच चारा हवा. आणि सगळ्यात वाईट दिवस पावसाळ्याचे. वावरात पेरणी, जंगलात रोपं लावलेली म्हणून चराईबंदी. गवत तेव्हाच सगळीकडे हिरवंगार, आणि जनावर न्यायचं कुठे हा प्रश्नही तेव्हाच. धुळ्याच्या मेंढपाळांची जुनी मागणी हीच आहे की पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी तरी चराईला जागा ठरवून द्या.

आता मला जे मुलांना सांगावंसं वाटतं ते सांगतो. ‘शेन’ बघताना आपण सगळे स्टॅरेटच्या बाजूने असतो. का? कारण तो गरीब शेतकरी आणि रायकर श्रीमंत, दांडगा. बरोबरच आहे. पण आपल्या तालुक्यात चित्र उलटं आहे. जमीन शेतकऱ्याची, सातबारा त्याच्या नावावर. तो काही श्रीमंत नाही, बोंडअळीने आणि भावाने तोही पिचलाय, हेही तितकंच खरं. पण मेंढपाळाकडे सातबाराही नाही. त्याच्या मेंढ्या अडवून ठेवल्या, बाचाबाची झाली, रात्री लांडग्याने नाहीतर बिबट्याने मेंढी नेली, तर तो परगावात उभा असतो. सिनेमातल्या पोशाखावरून ओळखायला गेलो तर घोडा, कुत्रा आणि कळप ठेलाऱ्याकडे, म्हणून काऊबॉय तो. पण त्या गोष्टीतला घाबरून गाडी भरणारा माणूसही तोच. मुलांना एवढं उलटसुलट करून बघता आलं की मग सिनेमा दाखवा, नाहीतर फक्त ढिशूम-ढिशूम लक्षात राहतं.

कायद्यात एक दार अलीकडे उघडलंय. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. एका जागी राहणाऱ्यांचाच नाही, तर फिरत्या पशुपालकांचासुद्धा, ऋतूप्रमाणे जंगलात येण्या-जाण्याचा. पण जे आदिवासी नाहीत त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास्तव्याचा पुरावा दाखवावा लागतो. दरवर्षी सहा-आठ महिने चालत असलेल्या माणसाने एका जागच्या वास्तव्याचा कागद कुठून आणायचा? आजोबांच्या नावाची चराई फीची पावती, जुना रेशनकार्डाचा कागद, शाळेचा दाखला यांची इथे खरी किंमत आहे. शाळेचा दाखला म्हटलं की शिक्षकांनी कान टवकारावेत. आपल्या कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर हे अशा कुटुंबांसाठी पुरावा असतं. वाळवीपासून ते सांभाळा. कोणी दाखला मागायला आला तर ‘उद्या या’ म्हणू नका, उद्या त्याचा वाडा चाळीस किलोमीटर पुढे गेलेला असतो.

हजेरीपटावरचं सांगायचं तर, दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या वर्गात दोन-तीन जागा रिकाम्या दिसतात. कुणी आजीजवळ मागे राहतं, कुणी वाड्याबरोबर जातं. जाणाऱ्यांत जास्त मुलीच असतात, कारण कोकरं सांभाळायला आणि लहान भावंडाला घ्यायला कोणीतरी हवं. जूनमध्ये परत येतात तेव्हा वाचन मागे पडलेलं असतं. पण एकदा अशाच एका मुलाला मी नदी शिकवायला उभं केलं. पांझरा, बुराई, तापी कुठे मिळतात, कोणत्या घाटाला पाणी खोल, कोणत्या गावाच्या विहिरीवर मेंढ्यांना पाणी पाजू देतात, हे त्याने न अडखळता सांगितलं. नकाशातली तापी मी शिकवत होतो, त्याने ती पायी ओलांडलेली होती. आता वाडा निघण्याआधी मी अशा मुलांना एक वही देतो. मुक्कामाचं गाव, वावरातलं पीक, किती दिवस राहिलो, एवढंच रोज लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढायचं. परत आल्यावर त्या वहीवरून वर्गाचा भूगोल होतो. भाषेचे गुणही त्यातूनच देता येतात.

वर्गात हा पाठ घ्यायचा असेल तर असं करून बघा. ‘शेन’ची गोष्ट रायकर रात्री घरी येतो तिथपर्यंत सांगा आणि थांबा. बंदुकीपर्यंत जाऊच नका. मुलांचे गट करा : कपाशीवाला शेतकरी, केळीवाला शेतकरी, ठेलारी, वनरक्षक, सरपंच. प्रत्येक गटाने पावसाळ्याचे चार महिने मेंढ्या कुठे चरतील ते सांगायचं. केळीवाले पोरं एकदम कडक होतात, हे आधीच सांगून ठेवतो. एका वर्षी आमच्या वर्गाच्या ‘सरपंचा’ने जागल्या नेमून टाकला आणि त्याचा पगार केळीवाल्यांनी द्यायचा असा ठराव केला. केळीवाले म्हणाले, मग लेंडीखत आधी आमच्या वावरात.

दुसरा तास बाहेरचा घ्या. गावाचं गायरान कुठे होतं आणि आज तिथे काय आहे, हे मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यायचं. गावाच्या नकाशाची झेरॉक्स तलाठी कार्यालयातून मिळू शकते, गायरानाचा गट नंबरही तिथेच कळतो. त्या नकाशावर मुलांनी तीन गोष्टी रंगवायच्या : हिरव्या रंगाने आजचं गवत, पिवळ्याने पूर्वीचं गवत, आणि लाल रेघेने वाड्याची येण्या-जाण्याची वाट. कोंडवाड्याची जागा सापडली तर तिथे चौकोन काढायचा. लाल रेघ बहुतेक वेळा गावाच्या हद्दीशी येऊन तुटते, पुढची पुढच्या गावाच्या शाळेने काढायची. साक्री, शिंदखेडा, अमळनेर, चोपडा या भागातल्या शिक्षक मित्रांनी आपापल्या गावाचा तुकडा काढला तर तो जोडून एक लांब पट्टी तयार होईल. आमच्या गावाचा तुकडा तयार आहे.